टँकची तिसरी पायरी

धाकट्याला पोहण्याच्या टँकच्या पहिल्या पायरीवर उभं राहायला अकरा दिवस लागले. दुसरीवर सहा. तिसऱ्या पायरीवर पाणी त्याच्या छातीपर्यंत येतं आणि तिथे आम्ही अजून आहोत. वय वर्षं आठ. बाकीची पोरं धडाधड उड्या मारतात, एकमेकांचे फ्लोट पळवतात. आमचा मात्र दोन्ही हातांनी स्टीलची दांडी धरून उभा, ओठ घट्ट मिटलेले, खांदे कानांना टेकलेले. बाहेर येतो तेव्हा बोटांची टोकं सुरकुतलेली असतात आणि तळहातांवर दांडीचे लाल वळ. टॉवेलात गुंडाळून घेतलं तरी पाच मिनिटं थरथरत राहतो, एप्रिलच्या उन्हातसुद्धा थरथरायचा.

त्याची बहीण बारा वर्षांची. चौथ्या वर्षी गुहागरला ती बापाचा हात सोडून लाटेत शिरली होती. तेच घर, तेच आईबाप, तोच वरणभात.

या मुलावरून मला दोन म्हणी ऐकाव्या लागतात. सासूबाई म्हणतात, "खाण तशी माती. तुझ्या माहेरचे सगळेच पाण्याला भिणारे." समोरच्या काकू म्हणतात, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शाळा सुटली की तुझ्या आईकडे असतो ना तो? मग काय होणार!" एकीच्या मते ते रक्तातून आलं, दुसरीच्या मते संगतीतून. दोघींचाही रोख शेवटी माझ्याकडेच. मी कितीतरी वर्षं दोन्ही खरं मानून दुप्पट अपराधी वाटून घेत होते.

मी सतरा वर्षं बालवाडीत ताई आहे. दर जूनमध्ये तीन वर्षांची तीसेक नवी मुलं माझ्या वर्गात येतात. पहिल्या आठवड्यात रडतात जवळपास सगळीच, त्याचं मला काही वाटत नाही. माझं लक्ष असतं न रडणाऱ्या काहींकडे. दारातल्या चपलांच्या रॅकपाशी उभी राहतात, डब्याची पिशवी पोटाशी धरून. चटईवर येत नाहीत, खेळण्याला हात लावत नाहीत, फक्त बघत राहतात. दर वर्षी अशी चार-पाच असतातच. बाकीची मुलं दिवाळीपर्यंत त्यांना विसरून जातात, इतकी ती गप्प असतात. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल मी आयांना सतरा वर्षं सांगत आले, "असतो एकेकाचा स्वभाव, घाबरू नका." स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र मला तेच वाक्य सुचत नव्हतं.

आता माहेरचं सांगते, कारण त्याशिवाय हे कळणार नाही.

माझी आई १९६१ साली नऊ वर्षांची होती. नारायण पेठेत वाडा, नदी हाकेच्या अंतरावर. १२ जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि दुपारी मुठेचं पाणी पेठांत होतं. आईच्या घरातली माणसं वाचली, वाडा गेला. नंतर ते लोक सहकारनगरला आले, आई आजही तिथेच आहे. तिने त्या दिवसाबद्दल आम्हाला कधी धड काही सांगितलं नाही. पण घरात ते सगळीकडे होतं. रेशनकार्ड, दाखले, घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर. खडकवासला चौपाटीवर भजी खायला सगळं पुणं जातं, आम्ही कधीच गेलो नाही. माझ्या शाळेची सहल पानशेतला निघाली तेव्हा मला ताप आला असं बाईंना कळवण्यात आलं. आणि जुलै लागला की आजही तिचा फोन येतो, "किती क्युसेक सोडलंय गं?" २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा दिवसभरात तिचे चौदा फोन आले. आम्ही त्या भागात राहतही नाही.

मला पोहता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

धाकटा दोन वर्षांचा असताना, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आम्ही माहेरीच होतो. त्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत हाहाकार झाला, भिंती कोसळल्या, माणसं आणि जनावरं वाहून गेली. शहर आणि परिसरात मिळून वीसहून जास्त जीव गेले. आईचं घर चढावर आहे, आमच्या दारात पाणी आलं नाही. पण वीज गेली, खालून ओरडण्याचे आवाज येत होते आणि आई पहाटेपर्यंत नातवाला छातीशी आवळून पलंगावर बसून होती. त्याने हातपाय झाडले तरी तिने सोडलं नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिथेच खाली सतरंजीवर गाढ झोपली होती. दुसऱ्या दिवशी धाकटा आंघोळीला बादली पाहून किंचाळला. आई म्हणाली, बाळाला धसका बसला. तिने मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली.

त्या रात्रीनेच मुलगा असा झाला, हे मी पुढची पाच वर्षं धरून चालले. खरं सांगायचं तर मनातून आईला दोषही दिला. सोप्पं होतं ते.

गेल्या दिवाळीत जुना फोन साफ करताना व्हिडिओ सापडला. धाकटा चार महिन्यांचा. पाळण्यावर लाल-पिवळ्या कापडी चिमण्या टांगलेल्या, बहीण त्या गरागरा फिरवतेय आणि कुकुक्क करतेय. दहा सेकंद तो ताठ होऊन बघतो. मग पाय झाडायला लागतो, पाठीची कमान करतो, तोंड वाकडं होतं आणि भोकाड. मागून माझा आवाज, "अगं पुरे, त्याला आवडत नाही." मग मी मुलीचा त्याच वयातला व्हिडिओ शोधला. तोच पाळणा, त्याच चिमण्या. ती मजेत लाळ गाळत बघतेय, हातसुद्धा हलवत नाही.

२०१७ मधला व्हिडिओ. पुराच्या दोन वर्षं आधीचा.

मी एका समुपदेशक ताईंकडे मुलाला घेऊन जायला लागले होते. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरीच केगनचा प्रयोग केलात की." जेरोम केगन हे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ, २०२१ मध्ये गेले. त्यांच्या गटाने साडेचारशेहून जास्त चार महिन्यांच्या बाळांना अशाच गोष्टी दाखवल्या, ऐकवल्या. हलणारी रंगीत खेळणी, टेपवरचे आवाज, नाकाशी उग्र वासाचा बोळा. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून, पाठ ताणून रडायचं. पाचातली दोन शांतपणे बघत राहायची. बाकीची मधली. मग ती मुलं मोठी होईपर्यंत ते त्यांना पुन्हापुन्हा भेटत राहिले. जी तान्हेपणी तडफडायची, त्यांच्यातली बरीच दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसाला, नव्या वस्तूला बुजणारी निघाली. केगन यांचं म्हणणं असं की या बाळांचा अमिग्डला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा छोटासा भाग, जरा लवकर पेटतो. तीस मुलांच्या माझ्या वर्गात चपलांपाशी उभी राहणारी चार-पाच का असतात, हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन मी खूप रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून. तो असाच आला होता. माझ्या आईने काही बिघडवलं नव्हतं आणि मीही नव्हतं.

पण ताईंनी पुढच्या भेटीत दुसरी बाजूही सांगितली, आणि ती पचायला जास्त वेळ लागला.

भीती किती रक्तातून येते हे शोधायची जुनी रीत म्हणजे जुळ्या मुलांचा अभ्यास. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी, भिन्न जुळ्यांची सरासरी निम्मी, जशी कुठल्याही भावंडांची. एकसारखी जुळी भीतीच्या बाबतीत जितकी जास्त एकमेकांसारखी निघतात, तितका जनुकांचा वाटा मोठा. चिंतेच्या विकारांबद्दलचे असे अभ्यास २००१ मध्ये एकत्र केले गेले, तेव्हा हा वाटा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. ऐकल्याबरोबर मी विचारलं, म्हणजे याची चाळीस टक्के भीती माझी? त्या म्हणाल्या, नाही. हा आकडा एका मुलाचा नसतोच. तुमच्या वर्गातली तीस मुलं एकमेकांपेक्षा वेगळी का, त्या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकामुळे, एवढंच तो सांगतो. एकट्या मुलाची भीती अशी वाटे घालून मोजता येत नाही. आणि भीतीचं म्हणून एखादं जनुकही नाही, शेकड्यांनी आहेत, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर.

मग मावशीचा अभ्यास. मी त्याला हे नाव दिलंय, कारण मराठीत तो चटकन कळतो. समजा, आईला एकसारखी जुळी बहीण आहे. मुलाची जनुकं आईशी जितकी जुळतात, तितकीच त्या मावशीशीही जुळतात. पण तो वाढतो आईच्या घरात. आता मुलाची चिंता आईच्या चिंतेशी जुळते, की मावशीच्याही तितकीच जुळते? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या थालिया ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या जुळ्यांच्या कुटुंबांत हे तपासलं, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. वयात येणाऱ्या मुलांची काळजी आईबापांच्या काळजीशी जोडलेली होती, आणि तो धागा बहुतांशी जनुकांतून आलेला दिसला नाही. घरातून आलेला दिसला. ताईंनी लगेच हेही सांगितलं की धागा दोन्हीकडून ओढला जातो. भित्र्या मुलाचे आईबाप आपोआप जास्त जपणारे होतात. मूल आपल्याला घडवतं तेही खरं.

म्हणजे वाणही खरं आणि गुणही खरा. सासूबाई आणि काकू, दोघींच्या म्हणी एकाच मुलात नांदत होत्या.

ताईंनी मग एक साधं काम दिलं. आठवडाभर वही ठेवायची आणि तो घाबरला की *आपण* काय करतो तेवढंच लिहायचं. त्याचं नाही, आपलं. सोमवारचं पान माझ्यासमोर आहे, जसंच्या तसं देते. शॉवर नको म्हणाला, तांब्याने घातली. केस धुताना डोळ्यांवर घडी केलेला नॅपकिन धरला, नऊ वर्षांचा होईल आता. आभाळ आलं म्हणून क्लासला पाठवलं नाही. बाबांनी पार्किंगमधल्या डबक्यावरून उचलून नेलं. पोट दुखतंय म्हणाला, शाळेत चिठ्ठी दिली. आईने फोनवर त्याला सांगितलं, "बाहेर जाऊ नको हं सोन्या, पाऊस आहे." रात्री वीज चमकली, माझ्या अंथरुणात घेतलं.

एका दिवसात सात. एकेक बघितलं तर माया आहे. मला ते पान वाचताना माळ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आठवल्या.

केगन यांच्याच गटाने तान्ह्या बाळांच्या घरी जाऊनही पाहिलं होतं. तडफडणाऱ्या बाळांपैकी ज्यांच्या आया प्रत्येक कुरकुरीला धावून उचलून घेत, ती पुढे जास्त बुजरी झाली. ज्यांच्या आया प्रेमळ होत्या पण थोडं थांबायच्या, थोडं नाही म्हणायच्या, त्यांची भीती बऱ्यापैकी निवळली. मुलाची भीती पाहून आपण त्याला तिथून काढलं की त्याला सुटल्यासारखं वाटतं, आपल्यालाही वाटतं, आणि डोक्यात पक्कं बसतं की पळालो म्हणून वाचलो. थांबलो असतो तर भीती आपणहून उतरली असती, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी १२४ मुलांवर एक उपचार तपासला, त्यात निम्म्या मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईबापांना शिकवलं. मुलाची भीती समजून घ्या, तसं त्याला बोलून दाखवा आणि त्याच्यासाठी जे जे टाळता ते हळूहळू कमी करा. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या मुलांना थेट उपचार मिळाले, त्यांच्याइतकाच फरक या मुलांत पडला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण हे वाचून कोणीतरी म्हणेल, हेच तर आम्ही सांगत होतो, द्या ढकलून. परवाच्या उन्हाळ्यात आम्ही तेही करून बसलोय. दुसऱ्या एका टँकवर एका प्रशिक्षकाने "ढकललं की आपोआप येतं, आम्ही सगळे असेच शिकलो" म्हणत त्याला पाच फुटांत टाकलं. दोन सेकंदांत वर काढलं, हसले. मी काठावर होते आणि काही बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढचा महिनाभर त्याने डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नाही. जे मूल मुळातच जास्त पेटतं, त्याला आगीत ढकलून ते विझत नाही. काही मुलं अशी शिकतात, माझी लेक शिकली असती. हा शिकला तो एवढंच, की मोठ्या माणसांवर भरवसा ठेवायचा नाही.

ताईंची रीत पायऱ्यांची. ही रीतही जुनीच आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याचा अनुभव लिहिला. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला. आम्ही धाकट्याबरोबर कागदावर शिडी काढली. शॉवरखाली हात. शॉवरखाली पाय. डबक्यात चपला घालून उभं राहणं. टँकच्या काठावर बसून पाय पाण्यात. पहिली पायरी. प्रत्येक पायरीवर तो ठरवणार किती वेळ, आपण ठरवणार की आज यायचंच. मी "घाबरू नको" म्हणणं बंद केलं. आता म्हणते, "भीती वाटतेय ना, दिसतंय मला. आणि तुला जमेल." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याचं गुपित ओळखलंय.

आणि चेहरा. सर्वांत अवघड माझा चेहरा.

१९८५ चा एक प्रयोग आहे. एक जाड काच, तिच्याखाली अर्ध्या भागात जमीन फूटभर खाली गेलेली, म्हणजे रांगणाऱ्या बाळाला समोर खड्डा दिसतो. पलीकडे आई. वर्षाची बाळं खड्ड्याच्या कडेशी येऊन थबकायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. एकही नाही.

हे मी आईला सांगितलं. आम्ही दोघी मेथी निवडत होतो. तिचे हात थांबले.

"पाणी मला फारसं आठवतच नाही गं," ती म्हणाली. "जिन्यात आईने मला कडेवर घेतलं होतं, नऊ वर्षांच्या घोडीला. तिचा चेहरा तेवढा आठवतो. कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं होतं. आई कधी घाबरत नाही असं मला तोवर वाटायचं."

मग जुडीतली पिवळी पानं बाजूला काढत राहिली. त्या दिवसाबद्दल ती एवढं बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. मीही काही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी ती आपणहून म्हणाली, मी येते टँकवर. रिक्षाने आली, भुरभुर पाऊस होता, छत्री मिटवून सिमेंटच्या बाकावर बसली. पर्स मांडीवर. पायाखालच्या ओल्या फरशीकडे बघून तिने दोन्ही पाय किंचित वर घेतले, मग पुन्हा टेकवले. धाकटा तिसऱ्या पायरीवर गेला. शिडीवरचं पुढचं काम होतं, तोंड पाण्यात घालायचं. तो खाली बघत होता, मग त्याने मान वर केली, आणि माझ्याकडे न बघता सरळ आजीकडे बघितलं.

मी तिच्या शेजारीच होते. पर्सच्या पट्ट्याला तिने इतका पीळ दिला होता की बोटं पांढरी पडली होती. चेहरा मात्र तिने त्याच्याकडे करून ठेवला होता, अगदी नीट, लग्नाच्या फोटोला बसतात तसा.

"आजी, तू मोज," तो म्हणाला.

"एक," आई म्हणाली. त्याने डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. "दोन. तीन." आवाज जरा चिरकला, तिने घसा साफ केला. "चार."

तो वर आला, नाकातून पाणी फुरफुरत, डोळे चोळत. दांडी एकाच हाताने धरलेली होती, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"किती झाले?"

"चार."

"आता परत मोज. हळू मोजायचं नाही हं."